जुनी मॉडेल्स सोडवण्याबद्दल मन्याला पत्र

प्रिय मन्या,

जुन्या प्लास्टिकच्या विमान-मॉडेल्सचे ग्लूने चिकटवलेले भाग कसे सोडवायचे, हे विचारणारा तुझा मेसेज वाचला, आणि आधी एवढंच सांगतो की ती ॲसिटोनची बाटली बाजूला ठेव. थिनरही नको. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ॲसिटोनने ग्लू निघेल की नाही देव जाणे पण पंख मात्र नक्की वितळेल.

तू लिहिलंयस ग्लू दगडासारखा झालाय, पण कुठला ग्लू ते बघ ना आधी, सगळं त्यावरच आहे. ट्यूबमधला जाड ग्लू असेल तर तो खरं तर चिकटवतच नाही, त्यातलं सॉल्व्हंट दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतं आणि उडून जातं, मागे राहतं ते एकजीव झालेलं प्लास्टिक. म्हणजे काढायला वेगळा ग्लू असा उरतच नाही. त्याला विरघळवणारं काहीही आणलंस तरी ते मॉडेललाही विरघळवणार, मग बाजारात शोधत कशाला बसायचं?

सुपरग्लू वेगळा. तो वर बसतो, कडक आणि ठिसूळ असतो, सांध्याच्या आसपास पांढरी धूळ बसल्यासारखं दिसलं तर बहुतेक तोच. मॉडेल झिपवाल्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, काढल्या काढल्या सांधा हलकेच वाकवून बघ, बऱ्याचदा टक् करून सुटतो. हे ट्यूबवाल्यावरही करून बघायला हरकत नाही, कारण पूर्वी लोक ग्लू भरमसाठ लावायचे पण भाग नीट दाबून धरायचे नाहीत, त्यामुळे कित्येक सांधे वरवरच धरलेले असतात. पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात भिजत घाल, मऊ पडतो. फक्त उकळतं पाणी नको, साधारण १०० डिग्रीला पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि पातळ भाग त्याच्या आधीच वाकायला लागतात.

फ्रीजरने नाही सुटलं तर बारीक दातांची रेझर सॉ (पातळ पात्याची छोटी करवत) घे आणि सांध्याच्या रेषेतून हळू हळू काप, जोर अजिबात लावू नकोस, करवतीला तिचं काम करू दे. थोडं प्लास्टिक जाईल ते नंतर भरता येतं, जुन्या स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पातळ ग्लूमध्ये, विरघळवून ठेवले की घरचीच पुट्टी तयार होते आणि ती त्याच प्लास्टिकची असल्याने घासतानाही सारखी घासली जाते. मला तरी विकतच्या पुट्टीपेक्षा हीच आवडते.

वर ओघळलेले थेंब कटरचं पातं उभं धरून खरवडायचे, कापायचे नाहीत, खरवडायचे. मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं, आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग १०००, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. इथेच खरी गोची आहे, जुन्या किट्सवर पॅनल लाइन्स (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) आणि रिवेट्स (पत्र्यावरच्या खिळ्यांची डोकी) उठावाच्या असतात, एकदा घासल्या की गेल्या. म्हणून थेंबाच्या कडेने टेप लावून घे. तरी गेलीच एखादी रेषा तर स्प्रू मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ज्योतीपासून लांब नेऊन ओढायचा, केसासारखा धागा निघतो, तो रेषेच्या जागी ठेवून वरून लिक्विड सिमेंटचा अगदी पुसटसा ब्रश फिरवायचा. वेळखाऊ काम आहे पण मला यातच सगळ्यात जास्त मजा येते, बाकी घासघासी कंटाळवाणीच.

बोटांचे ठसे प्लास्टिकमध्ये उतरलेले असतील तर ते घासूनच जातील. पण पंखाच्या खालच्या बाजूला असतील तर मी म्हणतो राहू देत, कुणीतरी लहानपणी बसून केलंय ते, सगळंच नवंकोरं कशाला हवं?

कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाला, मात्र आत्ता हात लावू नकोस. पारदर्शक प्लास्टिक जास्त ठिसूळ असतं, वाकवलं की तडा, आणि फ्रीजरमधून काढलेलं तर आणखीच. तिच्यावरचा पांढरट थर सुपरग्लूच्या वाफेचा असेल तर वरवरचाच असतो, बारीक पॉलिशिंग कंपाउंडने जाऊ शकतो. पण ट्यूबच्या ग्लूने कॅनोपीचं प्लास्टिकच खाल्लं असेल तर खोल घासावं लागेल आणि मग चकाकी परत आणायला २००० नंबरच्या पेपरच्याही वर जावं लागेल. आधी उजेडात धरून जवळून फोटो काढून पाठव, मग ठरवू घासायची की नवीन बनवायची.

तुझा,
बंड्या