बुरशी कापली तरी विष राहतंय

संपादक साहेब, परवा राजारामपुरीतल्या एका दुकानातनं सलामीचं, म्हणजे मांसाच्या तयार चकत्यांचं, पाकीट आणलं, तारीख शिल्लक होती पण कडेला हिरवट बुरशी, परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणतोय तेवढं कापून टाका आणि तळून खावा, काय होत नाही. होतंय की! काही बुरशा ऑक्राटॉक्सिन ए नावाचं विष सोडतात, ते किडनीला घातक, आत मुरतंय आणि तळून-उकळून पूर्ण जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९३ लाच त्याला कॅन्सर होऊ शकेल अशांच्या यादीत घातलंय. मटण आपण डोळ्यासमोर कापून घेतो, मग पोरांच्या डब्यातल्या सॉसेजचं कोण बघणार? अन्न व औषध प्रशासनानं दुकानांचे फ्रीज तपासावेत, रात्री बंद करतात ते आधी.

– एक वाचक, कोल्हापूर