‘ऑप्टिक्स सगळ्यात शेवटी’: वेर्ण्याच्या काकांना आभार पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तुम्हाला सगळे मेस्त, म्हणजे कारागीर, म्हणतात, आम्ही मात्र पहिल्यापासून काकाच म्हणत आलो. पत्र उघड लिहायचं कारण एवढंच, की लीडचं (लो एनर्जी इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनचं) उपकरण चालवणाऱ्या प्रत्येकाला तुमचा क्रम ठाऊक असायला हवा. स्क्रीनवर ठिपके आले नाहीत की सगळे जण आधी ऑप्टिक्सचा (इलेक्ट्रॉनची बंदूक, जाळ्या आणि स्क्रीन यांच्या संचाचा) फ्लँज, म्हणजे बोल्टचा जोड, उघडायला धावतात. तुम्ही उलटं शिकवलंत. आधी व्हॅक्यूम, मग नमुन्याचा पृष्ठभाग, मग चुंबकीय क्षेत्र आणि ऑप्टिक्स सगळ्यात शेवटी. त्या क्रमाबद्दल आणि त्यामागच्या हातकामाबद्दल मनापासून आभार.

ज्यांना लीड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साधारण २० ते ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मंद इलेक्ट्रॉन स्फटिकावर सोडायचे आणि ऊर्जा न गमावता परतलेले इलेक्ट्रॉन गोलाकार स्क्रीनवर ठिपक्यांच्या रूपात बघायचे. १०० व्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सव्वा अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या तोडीची. तो जेमतेम पाच-दहा अँगस्ट्रॉम आत शिरतो, म्हणून दिसतात ते वरचे दोन-चार थरच. हीच त्याची ताकद आणि हीच डोकेदुखी. वरच्या थरावर घाण बसली की बघायला उरतं काय?

ती किती लवकर बसते, त्याचं तुमचं गणित आता भिंतीवर लिहिलं आहे. दाब १० चा उणे ६ घात मिलीबार असेल आणि आदळलेला प्रत्येक रेणू चिकटत असेल, तर दोन-तीन सेकंदांत पृष्ठभाग झाकला जातो. १० चा उणे १० घात, म्हणजे बोलीत ‘मायनस दहाचं’ व्हॅक्यूम असेल तर काही तास मिळतात. मायनस आठवर ठिपके शोधत बसणं म्हणजे पावसात पापड वाळत घालणं, हे तुमचंच वाक्य.

गोव्यात व्हॅक्यूमचा खरा शत्रू पाणी. जून ते सप्टेंबर चेंबर उघडू नये, उघडावाच लागला तर कोरड्या नायट्रोजननं व्हेंट करावा, म्हणजे तो आत सोडून दाब बाहेरच्याएवढा करावा, आणि काम चालू असेपर्यंत नायट्रोजनची हलकी धार सोडून ठेवावी, उघड्या तोंडांवर फॉइल लावावा, हा नियम आम्ही पाळतो. एकदा स्टीलच्या भिंतीला चिकटलेलं पाणी साध्या तापमानाला पंप करून निघत नाही. ते बेकिंगनंच, म्हणजे चेंबर तापवूनच, निघतं. १५० अंश सेल्सिअस, २४ ते ४८ तास, तापमान तासाला वीस-तीस अंशांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. घाई केली की व्ह्यूपोर्टच्या काचेचं सील धोक्यात येतं.

इथे तुमची एक युक्ती सोन्यासारखी. पावसाळ्यात हीटिंग टेप पडून राहिली की तिच्या वेष्टनात दमट हवा मुरते आणि पूर्ण व्होल्टेज दिलं की ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. लोक टेप फेकून देतात. तुम्ही ती डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या उपकरणावर) चाळीसेक व्होल्टला तासभर ठेवायला लावलीत. ती स्वतःच्याच उबेनं वाळते आणि मग निमूट चालते. दुसरी गोष्ट: बेकिंग संपल्यावर चेंबर ऐंशी-शंभर अंशांवर असतानाच सगळी फिलामेंट एकेक करून डिगॅस करायची, म्हणजे तापवून त्यांतला वायू काढायचा. गार चेंबरमध्ये केलं तर फिलामेंटनं सोडलेलं सगळं पुन्हा भिंतींवर जाऊन बसतं.

फ्लँजबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. आमचं ऑप्टिक्स आठ इंची फ्लँजवर आहे, एम ८ चे वीस बोल्ट. तांब्याचं गॅस्केट प्रत्येक वेळी नवं, जुन्याला क्षमा नाही. बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, एका फेरीत थोडेथोडेच आवळायचे. एक बाजू आधी बसली की फ्लँजची सुरीधार गॅस्केटमध्ये तिरकी घुसते. अशी गळती थंड असताना कळत नाही, बेकिंगनंतर कळते. बोल्टला चांदीचा मुलामा नसेल तर आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड लावायचं, नाहीतर तापलेलं स्टील स्टीलला धरतं आणि बोल्ट कापूनच काढावा लागतो. सुरीधारेवर बोटाचं नख फिरवून ओरखडा शोधायची तुमची पद्धत कुठल्याही भिंगापेक्षा लवकर उत्तर देते.

गळती शोधताना आरजीए, म्हणजे चेंबरमध्ये उरलेले वायू त्यांच्या वस्तुमानाच्या आकड्यांनी दाखवणारं यंत्र, कसं वाचायचं, तेही तुमच्याकडूनच. १८ उंच असेल तर पाणी, बेकिंग अपुरं. २८ उंच असेल तर घाबरायचं नाही, तो नायट्रोजन असेल किंवा कार्बन मोनॉक्साइड. १४ बघायचा, तो उठून दिसला तर नायट्रोजन. ३२, म्हणजे ऑक्सिजन, नाही म्हणून गळती नाही असं मानायचं नाही, कारण गरम फिलामेंट ऑक्सिजन खाऊन टाकतात. ४०, म्हणजे आरगॉन, सुद्धा फसवतो. आरगॉन स्पटरिंग (आरगॉनच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडणं) केलेलं असेल तर आयन पंप गिळलेला आरगॉन परत ओकतो. मग पंखा बंद करून हेलियम वरच्या जोडापासून खाली मारत यायचं. हेलियम हलका, खालून सुरू केलं तर तो वर चढून वरच्या गळतीत शिरतो आणि खालचे जोड उगाच संशयित ठरतात.

आणि हेलियमला काहीच प्रतिसाद नसेल पण दाब मात्र उतरत नसेल, तर गळती आतलीच. आंधळ्या छिद्रात स्क्रू बसला की त्याच्या बुडाशी हवा कोंडते आणि आट्यांतून दिवसेंदिवस झिरपत राहते. नमुना धरून हलवणाऱ्या मॅनिप्युलेटरच्या सगळ्या एम ४ स्क्रूंना तुम्ही लेथवर मधोमध १ मिलीमीटरचं आरपार छिद्र पाडून दिलंत. बाजारात असे स्क्रू मिळतात, पण किंमत बघून डोळे पांढरे होतात.

आता पृष्ठभाग. सिलिकॉनच्या १११ या छेदावरची ७×७ रचना, म्हणजे वरच्या अणूंची सातपट मोठी नक्षी, ही या कामातली मुळाक्षरं, आणि ती न दिसण्याचं एक कारण आमच्या हातातच होतं: स्टेनलेस स्टीलचा चिमटा. त्यातलं निकेल स्पर्शानं सिलिकॉनला लागतं, तापवल्यावर आत विरघळतं आणि थंड होताना वर येऊन ७×७ बिघडवतं. सिरॅमिकचा चिमटा आणि टँटलमच्या पकडी तुम्ही सुचवल्यात. पुढचं ठरलेलं: ६०० अंशांवर रात्रभर डिगॅस, मग काही सेकंदांसाठी १२०० अंशांचे झटके, दाब मायनस नऊच्या वर जाऊ लागला की थांबायचं. शेवटच्या झटक्यानंतर ९०० पर्यंत पटकन उतरायचं, पण तिथून ८०० पर्यंत सावकाश, कारण ७×७ ची घडण ८५० च्या आसपास होते. तिथे घाई केली तर ठिपके येतात, पण फुगलेले आणि मागे धुकं.

चुंबकीय क्षेत्राकडे सहसा कोणी बघत नाही. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास. तेवढ्यातही १०० व्होल्टचा इलेक्ट्रॉन १० सेंटिमीटरच्या वाटेत सुमारे ६ मिलीमीटर सरकतो, व्होल्टेज कमी केलं की आणखी. म्हणून म्यू-मेटलचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं, कवच. ते वाकवू नये, ठोकू नये, आपटू नये. मार बसला की त्याचा गुण जातो आणि पुन्हा भट्टीत तापवून केलेल्या अ‍ॅनीलिंगशिवाय परतत नाही. नमुन्याजवळचा साधा स्टीलचा नटही थंड घडाईनं चुंबकीय झालेला असू शकतो. आत जाणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाजवळ आधी खिशातलं होकायंत्र धरायचं, हा तुमचा दंडक. नमुना तापवणारा विद्युतप्रवाह बंद करूनच ठिपके बघायचे, तो प्रवाहही बीम ढकलतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच ऑप्टिक्स. चार जाळ्यांपैकी पहिली आणि चौथी अर्थला, मधल्या दोन बीमच्या व्होल्टेजपेक्षा किंचित कमी ऋण. मधल्यांचं व्होल्टेज कमी पडलं तर अख्खा स्क्रीन उजळतो, जास्त झालं तर ठिपकेही विझतात. स्क्रीनचे ५-६ हजार व्होल्ट व्हेंटनंतर पहिल्यांदा देताना पाचशे-पाचशेच्या टप्प्यांनी. एखादा कपड्याचा तंतू जाळीवर असेल तर तो तिथेच चमकतो. बाहेरच्या कनेक्टरवर खारी, दमट हवा बसली तर सूं आवाज येतो, ते पुसायला आयसोप्रोपिल आणि तंतू न सुटणारं कापड पुरतं, चेंबर उघडायची गरज नसते.

शेवटची परीक्षा सगळ्यात सोपी. ऊर्जा वाढवत न्यायची. खरे ठिपके मधल्या ठिपक्याकडे सरकत येतात. जो जागचा हलत नाही तो फिलामेंटचा उजेड किंवा त्याचं प्रतिबिंब. जो भलत्याच बिंदूकडे जातो तो पृष्ठभागावरच्या तिरक्या पैलूंचा.

तुम्हाला आवडेल असं एक. या विद्येची सुरुवातच व्हॅक्यूम फुटण्यातून झाली. १९२५ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली, नळी तडकली आणि तापलेल्या निकेलवर हवा गेली. गंज घालवायला निकेल बराच काळ तापवत ठेवलं, त्यात बारीक स्फटिकांचे मोजकेच मोठे स्फटिक झाले आणि परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाटणीच बदलली. १९२७ मध्ये निकेलच्या एकाच मोठ्या स्फटिकावर ५४ व्होल्टला ५० अंशांच्या कोनात त्यांना ते प्रसिद्ध शिखर सापडलं. १९३७ चं नोबेल डेव्हिसनला जी. पी. थॉमसनबरोबर मिळालं, जर्मरला नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
लीड चेंबरवर काम करणारे आम्ही सगळे

ता. क. चवथीच्या सुट्टीत चेंबर उघडत नाही, जानेवारीत उघडू. आठ इंची नवी गॅस्केट दोन शिल्लक आहेत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहेत. छिद्रवाले एम ३ स्क्रू मात्र बारा लागतील, ३१६ स्टीलचे. होकायंत्र लावून बघूनच पाठवा.