५७ किलोचा हट्ट

बेळगाव
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय पव्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "मास्तर, सप्टेंबरात साताऱ्याची २१ किलोमीटरची घाटातली शर्यत पळायचीय, त्याआधी ७० किलोवरून ५७ वर यायचंय. काय काय खायचं बंद करू तेवढं सांग." तेवढ्यात तुझ्या तंबाखूच्या वखारीत गाडी लागली आणि तू फोन ठेवलास. बरं झालं. फोनवर चार शिव्या घातल्या असत्या, कागदावर जरा सभ्य राहीन.

५७ कुठनं आलं ते मी ओळखलं. पळण्याच्या जुन्या पुस्तकांत एक हिशेब असतो. पुरुषाच्या उंचीच्या पहिल्या ५ फुटांना ११० पौंड, वरच्या दर इंचाला साडेपाच पौंड. तू ५ फूट ७ इंच, म्हणजे साधारण १४८ पौंड, ६७ किलो. लांब पल्ल्याच्या पळणाऱ्यानं त्यातून आणखी १० ते १५ टक्के वजा करायचे, की आलं ५७ ते ६१. त्यातला सगळ्यांत खालचा आकडा तू उचललास. दर पाडून घ्यायची खोड तंबाखूत चालते मर्दा, अंगाशी असला सौदा होत नाही.

त्या हिशेबात तुझी हाडं कुठं आहेत? मांड्या कुठं आहेत? पोरवयापासून तालमीत जोर-बैठका मारून केलेलं अंग ते. तुझ्याच उंचीचा एखादा काटकुळा माणूस ५८ वर धडधाकट असेल, तू ५८ वर आलास तर चरबीबरोबर मांसही झडलेलं असेल. आकडा आवडत्या पळणाऱ्यांवरनं घ्यायचा म्हटलं तरी फसगत आहे. मॅरेथॉनवाला किपचोगे १६७ सेंटिमीटर आणि ५२ किलोच्या आसपास, हे सगळ्यांना पाठ. पण १९६७ साली जपानात फुकुओकाला मॅरेथॉन पहिल्यांदा २ तास १० मिनिटांच्या आत पळून दाखवणारा डेरेक क्लेटन १८८ सेंटिमीटर उंच आणि ७३ किलोंचा होता. तुझ्यापेक्षाही जड! त्याला कुणी तक्ता दाखवला नसावा.

आता वजनानं फरक पडतच नाही असं मी म्हणणार नाही. पडतो, आणि चांगलाच पडतो. सपाटीवर पळताना दर किलो वजनामागं दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी जाते. तू ७० चा, म्हणजे १० किलोमीटरला ७०० गेल्या. अंग ओढायचा खर्च आहे हा, वजन उतरलं की तो उतरतो. ऑक्सिजनचंही तसंच. समज, तुझं शरीर जोरात पळताना मिनिटाला साडेतीन लिटर ऑक्सिजन वापरू शकतं. ७० किलोत वाटला तर किलोला ५० मिलिलिटर येतात, ६६ मध्ये वाटला तर ५३. काहीही जादा न शिकता इंजिन सुधारल्यासारखं. साताऱ्याच्या शर्यतीतल्या यवतेश्वरच्या घाटात तर हे जास्तच कळतं, तिथं दर पावलाला अंग वर उचलायचं असतं. एक अट मात्र आहे. साडेतीन लिटर तेवढेच राहिले पाहिजेत. उपाशी राहून मांस घालवलंस, रक्त पातळ केलंस, तर भागणारा किलोंचा आकडा लहान होतो तसा वरचा ऑक्सिजनचाही होतो, आणि घाटात तू पूर्वीपेक्षा हळू चढतोस. शिवाय लोक विचारतात, एवढा बारीक झालास तरी वेळ का वाढली.

(पायात काय घालतोस तेही बघ. बुटाला १०० ग्रॅम जास्त असले की ऑक्सिजनचा खर्च साधारण एक टक्का वाढतो. तुझे ते रानात घालायचे बूट साताऱ्याला नकोत.)

तुझ्या तेरा किलोंचा हिशेब मांडू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. नुसतं पळून जाळायची म्हटलं तर तुझ्या वजनाला ११० किलोमीटर, म्हणजे बेळगावहून जवळजवळ कोल्हापूरपर्यंत, तेही वाटेत काही न खाता. तेरा किलोंना एक लाख कॅलरी. साताऱ्याला तेरा-चौदा आठवडे राहिलेत. रोज हजार-अकराशेची तूट पाडावी लागेल. नुसतं जाजमावर पडून राहिलास तरी तुझ्या शरीराला दिवसाला दीड हजार लागतात. वर वखार आहे, वर पळणं आहे. कुठनं काढणार?

तू म्हणशील, पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले की! उतरणारच. भाकरी आणि भात दोन्ही तोडलेस तू. भात-भाकरीतली साखर अंगात ग्लायकोजेन म्हणून साठते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की ते पाणीही जातं आणि काटा खूश होतो. चरबी तिथल्या तिथं. हे तुला नवीन असायला नको. वजनाच्या कुस्त्यांआधी काय चालायचं आठवतं ना? दोन दिवस पाणी तोडायचं, दोन-दोन स्वेटर घालून पळायचं, काट्यावर उभं राहायचं, आणि नाव लागलं की लिंबू-साखर-मिठाचं पाणी तांब्याभर. कुस्तीत ते कसंतरी खपून जातं, कारण काटा आणि लढत यांच्यामध्ये थोडा वेळ मिळतो आणि लढत मिनिटांत आटपते. पळण्यात तसं नाही. २१ किलोमीटरभर तेच सुकलेलं अंग न्यायचं असतं. पाणी कमी पडलं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदय त्याच वेगासाठी जास्त ठोके मारतं, आणि चढाला दम लागायच्या आधीच पाय मरतात.

मग किती? तुझ्यासाठी मी सप्टेंबरपर्यंत ६६ म्हणेन. त्यात जादू काही नाही. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जादा वजन धरतात, तुझा २४ च्या थोडा वर आहे, आणि ६६ वर तो २३ च्या आत येतो. चार किलो म्हणजे रोज साडेतीनशेच्या आसपास तूट. त्याला भाकरी सोडायची गरजच नाही. वखारीत दिवसभर जो गोड चहा चालतो त्यातला निम्मा सोड आणि संध्याकाळची भजी रविवारवर ने. जमलं की. ६६ ला पोचल्यावर पुढं जायचं की तिथंच थांबायचं ते मी नाही सांगणार, तुझी वहीच सांगेल.

वही म्हणजे साधी, दुकानाची जुनी डायरी असली तरी चालेल. सकाळी परसाकडं जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं, पण आठवड्याचं सरासरी तेवढं लिहायचं. रोजच्या आकड्याला काही अर्थ नसतो. रात्री खारट आमटी-भात झाला तरी सकाळी काटा किलोभर वर जातो. आणि कृपा करून पोत्यांच्या काट्यावर नको. त्यावर तंबाखूचं पोतं मापात येतं, माणूस येत नाही. घरच्या काट्यात चरबीचे टक्के दाखवायची सोय असली तरी तो आकडा झाकून ठेव. पायातून वीज सोडून अंदाज बांधतात ती यंत्रं, अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की काहीही सांगतात.

वजनाच्या शेजारी एक ठरलेला पल्ला लिही. तुझ्याकडं तवंदीचा घाट आहे, पण हायवेला पळू नको, मागच्या रस्त्यानं गावातला जो चढ मिळेल तो धर. आठवड्यातून एकदा तोच रस्ता, तीच वेळ, आणि जोरही तोच, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा. किती मिनिटं लागली ते लिही. झोप कशी झाली ते एका शब्दात. वजन उतरतंय आणि त्याच दमात पल्ला लवकर होतोय, तोवर बरोबर चाललंय. वजन उतरतंय आणि मिनिटं वाढायला लागली, की त्या आठवड्यापासून तूट बंद, पोटभर जेवायचं. आणि मिनिटं जिथं सगळ्यांत कमी होती तिथलं वजन शोध, तेच तुझं. ते ६६ निघेल, ६४ निघेल, कदाचित ६७ सुद्धा. एका मोसमात नक्की कळेलच असंही नाही. शिवाय ते शर्यतीपुरतं असतं. दिवाळीत दोन किलो वर गेलास तर जाऊ दे.

तूट पाडायची ती जास्त करून आत्ताच, पावसाच्या दिवसांत, जेव्हा पळणं हलकं असतं. ऑगस्टमध्ये लांबचे पल्ले आणि चढ सुरू झाले की त्या पल्ल्यांच्या दिवशी वजनाचा विषय काढायचा नाही. ज्या दिवशी १५-१८ किलोमीटर त्या दिवशी आदल्या रात्री भात, सकाळी गूळ घालून नाचणीची आंबील, आणि खिशात गोकाकच्या करदंटाचा तुकडा. डिंक, गूळ, सुकामेवा, परदेशी पाकिटांपेक्षा काही वाईट नाही. पळून आल्यावर तासाभरात जेव, ताक नाही तर उसळ, प्रथिनांचं काहीतरी असू दे. मांस टिकवायचं तर ते लागतं.

आता जे तुला सांगायला मी खरं म्हणजे बसलो ते. भरतीची पोरं माझ्याकडं येतात तुला माहीतच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळं खानापूर-येळ्ळूरपासून इकडं सगळ्यांच्या डोक्यात १६०० मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण गुण. पहाटे वेंगुर्ला रोडला बघ, रांग लागलेली असते. त्यातल्या एकानं हलकं व्हायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. सुरुवातीला वेळ सुधारली, तो खूश, बाकीची पोरं त्याचं ऐकायला लागली. नंतर नडगी दुखायला लागली. मी त्याला पायरीवर बसवून अंगठ्यानं नडगीचं हाड वरपासून खालपर्यंत दाबत आणलं. सगळीकडं काही नाही, आणि एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, पोरगं ओरडलं. स्नायूचं दुखणं असं टाचणीनं दाखवल्यासारखं एका जागी नसतं. हाडाला चीर जायला लागली की असतं. एक्स-रेत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते बऱ्याचदा दिसतही नाही, आणि 'काही नाही' ऐकून पोरं पुन्हा पळतात. याला थांबवलं, पण भरतीचा मेळावा गेला त्याचा.

पळण्यात गेलेल्या कॅलरी वजा करून शरीराच्या रोजच्या कामाला पुरेसं उरलं नाही, की शरीर काटकसर करतं. हाडांची डागडुजी थांबवतं, हार्मोन कमी करतं, रक्त करायचं मागं टाकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं. त्याआधी ही बायकांचीच तक्रार समजायचे, आता पुरुषांतही धरतात. तुझ्यात बघायच्या खुणा सांगतो: सारखी थंडी वाजणं, रात्री दोनला भुकेनं जाग येणं, दर पंधरा दिवसांनी सर्दी, वहिनींवर विनाकारण खेकसणं. आणि सकाळी उठल्यावर पुरुषाला जी खूण असते ती आठवडेच्या आठवडे नसणं. हसू नको. डॉक्टरही हेच विचारतात.

आणि तुझ्या पोरीचं. तू म्हणालास ती पण तुझ्याबरोबर वजन करते, तीही भात खात नाही, "बापाला साथ देते." पव्या, हे आजच्या आज बंद कर. ती अजून वाढतीये, ३००० मीटर पळतीये. या वयात हाडात जे भरायचं ते भरायचं असतं, नंतर ती संधी मिळत नाही. तिच्यासमोर किलोचा शब्द काढू नको, ५७ चा तर नकोच. वहिनींना एवढंच विचारायला सांग, की पाळी वेळेवर येते का. तीन महिने नाही आली तर 'पळण्यानं असं होतं' म्हणून सोडून द्यायचं नाही, सरळ डॉक्टर. मैदानावर मास्तर लोकच पोरींना सांगतात की पाळी थांबली म्हणजे सराव बरोबर चाललाय. मी ऐकलंय हे माझ्या कानानं, आणि त्या माणसाशी त्यानंतर बोललेलो नाही.

दोघांचंही रक्त तपासून घे. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही कर, हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. पोरीच्या बाबतीत हे आधी.

साताऱ्याला मीही येतोय, आदल्या संध्याकाळी. तू गाडी काढणार असशील तर मी निपाणीपर्यंत एसटीनं येतो, पुढं एकत्र जाऊ. मुक्कामाचं तू बघ, जेवणाचं मी बघतो. रिपोर्ट आले की फोटो पाठव आणि फोन रात्री नवानंतर कर. पहाटे आणि संध्याकाळी मी मैदानावर असतो, उचलणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या