अपडेटची शेवटची तारीख खोक्यावर छापा

महोदय,

दसरा-दिवाळीच्या जाहिरातींत कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, कॅशबॅक किती, हे ठळक छापलेले असते. त्या हँडसेटला सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार, हे मात्र शोधूनही सहज सापडत नाही.

गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वागतच आहे. पण ही वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण पैसे मोजल्यापासून नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये आलेला एस२४ स्वस्त मिळतो म्हणून २०२६च्या दिवाळीत घेतला, तर हाती जेमतेम सव्वाचार वर्षे उरतात. स्वस्त हँडसेटची एकूण मुदतच अनेकदा दोन-तीन वर्षांची असते. तिथे दीड वर्षापूर्वीचे मॉडेल ‘ऑफर’मध्ये घेणे महागात पडते.

अँड्रॉइडची नवी आवृत्ती उशिरा आली तरी फारसे बिघडत नाही. सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारा सिक्युरिटी पॅच थांबला की बिघडते. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे ‘अँड्रॉइड व्हर्जन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ उघडा. सिक्युरिटी पॅचपुढे दिसणारी तारीख आपण अपडेट केल्याची नसते, तर कोणत्या तारखेपर्यंतच्या त्रुटी बुजवल्या आहेत ते ती सांगते. काल अपडेट केलेल्या फोनमध्येही ती चार महिने मागची असू शकते. गूगल परस्पर पाठवते त्या ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ची तारीख वेगळी असते. ती ताजी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण चिप आणि मोडेमच्या ड्रायव्हरमधल्या (ते भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) त्रुटी त्या वाटेने दुरुस्त होत नाहीत. त्या दुरुस्त्या आधी क्वालकॉम किंवा मीडियाटेक या चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडून हँडसेट कंपनीकडे येतात, कंपनी त्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून तपासते आणि मग फोनवर पाठवते. चिपवाल्याने जुन्या चिपकडे पाठ फिरवली, की हँडसेट कंपनीचेही हात बांधले जातात.

अ‍ॅपलकडे चिप आणि सॉफ्टवेअर दोन्ही स्वतःचे, म्हणून २०१३च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा दुरुस्ती मिळाली. त्याच पकडीची दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये एका अपडेटने बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग कमी केला, आणि अ‍ॅपल जुन्या आवृत्तीवर सही करणे (ती बसवायला मान्यता देणे) थांबवत असल्याने ग्राहकाला मागे फिरता येईना. ग्राहकांना हे आधी सांगितले नाही, म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला.

अँड्रॉइडमध्ये मुदत संपल्यावर लिनिएजओएससारखी रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाकता येते, पण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे कुलूप, उघडत असेल तरच. सेटिंग्जमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या एरवी लपलेल्या विभागात हे कुलूप उघडू देणारा ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय आहे का, हे खरेदीच्या वेळी दुकानातच पाहावे. ते दिसले तरी कंपनी परवानगी देते का, याची खात्री करावी. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, बँकेची आणि यूपीआयची अनेक अ‍ॅप्स असा फोन नाकारतात, सॅमसंगमध्ये तर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, म्हणजे कुलूप उघडल्याची खूण पुसता येत नाही. पण फोनला हात न लावता बसले तरी सुटका नाही. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर गूगलची सर्वांत कडक तपासणी (फोन विश्वासार्ह आहे का, हे अ‍ॅप्सना सांगणारी) वर्षभरातला सिक्युरिटी पॅच मागते. बँकेने तीच तपासणी लावली, तर अपडेट बंद झालेला चांगला फोनही बाद ठरेल.

आता प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप्सही नोंदणीकृत डेव्हलपरचीच असावीत, असा गूगलचा नियम सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये लागू करण्याचे जाहीर झाले आहे. इतर देशांची पाळी त्यानंतर. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके (अ‍ॅप बसवणाऱ्या) फायलींनी इथे लोकांची खाती रिकामी होतात, त्यामुळे यामागची काळजी खरी आहे. तरीही जाणत्या वापरकर्त्याला स्पष्ट इशारा देऊन वाट मोकळी ठेवलीच पाहिजे. कुलपाची किल्ली स्वतःकडे ठेवायची असेल, तर कंपनीने दुरुस्तीचा भारही वाहावा. दुरुस्ती थांबवली, की किल्ली फोनमालकाला द्यावी.

युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत अपडेटची किमान पाच वर्षे मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजली जातात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये दिलेल्या दुरुस्ती-निर्देशांकाच्या (वस्तू दुरुस्त करणे किती सोपे, हे सांगणाऱ्या गुणांकनाच्या) अहवालात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. त्याला बंधनकारक नियमाचे रूप द्यावे. खोक्यावर आणि विक्री संकेतस्थळावर किमतीशेजारी सिक्युरिटी अपडेटचा शेवटचा महिना व वर्ष छापावे, अपडेट दरमहा की तिमाही तेही लिहावे, आणि मुदत संपताच बूटलोडर उघडण्याची सोय विनामूल्य द्यावी.

– एक वाचक, पुणे