वडशातल्या स्टुडिओवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

त्या दिवशी आरमोरीची बस गाठायच्या घाईत तुमच्याशी धड दोन शब्द बोलले नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या आबाजींचं आयुष्य दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवण्यात गेलं. यंदा गुडघे उठू देईनात, मंडईच्या जत्रेला जाता आलं नाही. काकांनी ढोलकी धरली आणि भाच्यानं मोबाईलवर दोन तास दहा मिनिटांची दंडार टिपली. त्या एवढ्याशा पडद्यावर आबाजींना काही दिसेना. घरी टीव्ही आहे, जुना डीव्हीडी प्लेयर आहे. मी कोरी डिस्क आणून फायली तशाच कॉपी केल्या. प्लेयर ती वाचेचना.

तुम्ही खुर्ची दिली आणि नीट समजावलंत. ही झाली डेटा डिस्क. या प्लेयरला मोबाईलची एमपी४ फाईल कळत नाही. त्याला एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ लागतो, ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, ४८ किलोहर्ट्झचा आवाज, आणि ते सगळं व्हीओबी या डीव्हीडीच्या खास फायलींच्या रूपात ठराविक फोल्डरमध्ये. ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर बसलंही असतं. पण रात्रीचा अंधार, त्यात नाचणाऱ्यांची धावपळ. दाबून बसवलं तर चेहऱ्यांचे चौकोन होतील, म्हणून तुम्हीच दोन डिस्क करायला लावल्या. त्यामुळे बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा, ५ मेगाबिटच्या आत न अडकता ८ पर्यंत नेता आला.

पण माझे खरे आभार ढोलकीसाठी. पहिलं रूपांतर मला चांगलंच वाटलं होतं. तुम्ही फाईल शेवटाकडे सरकवली आणि म्हणालात, "ताई, हात आधी पडतो, थाप मागून येते." अंधारात मोबाईल फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, कन्व्हर्टरनं तो एकसारखा धरला की आवाज थोडाथोडा सरकत जातो. सुरुवातीला कळतही नाही. तुम्ही तयार फाईल पुसून टाकलीत, मूळ फाईलचा फ्रेमरेट आधी स्थिर केलात आणि सगळं पुन्हा चालवलंत. मध्येच लाईट गेली, बर्न होत असलेली डिस्क वाया गेली. तिचे पैसे घेतले नाहीत. नंतरच्या दोन्ही सावकाश, ४एक्स या कमी वेगावर काढल्या आणि दुकानातल्या जुन्या प्लेयरवर लावून पाहिल्यावरच माझ्या हातात दिल्या.

आबाजींनी दोन्ही डिस्क एका बैठकीत पाहिल्या. बाजेच्या लाकडावर त्यांची बोटं शेवटपर्यंत चालू होती. एका ठिकाणी काकांचा हात चुकला, तो त्यांनी बरोबर पकडला आणि सकाळी काकांना बोलावून ती जागा वाजवून दाखवली. थाप सरकलेली असती, तर हे झालंच नसतं भाऊ.

पुढच्या मंडईला आमच्या घरी जेवायला या. आबाजींना तुम्हाला ढोलकीशेजारी बसवायचं आहे.

तुमची,
आबाजींची नात