बाबा, तुमच्या टिलिससाहेबांबद्दल

केरी, नॉर्थ कॅरोलिना
१० ऑगस्ट २०२५

प्रिय आई, बाबा,

काल नारळी पौर्णिमेचा फोन मी मध्येच ठेवला. आईला काही वाटलं नसेल, पण बाबांचं वाक्य अर्धं राहिलं म्हणजे ते दिवसभर धुमसले असणार. "बघ, लोकप्रतिनिधी असा असावा! स्वतःच्या पक्षाच्या तोंडावर..." एवढं ते म्हणाले, मी म्हटलं की त्या माणसाची तुम्हाला निम्मीच गोष्ट ठाऊक आहे, आणि तेवढ्यात इकडे नारळाचं दूध उतू गेलं. दूध खरंच उतू गेलं हो, बहाणा नव्हता. नंतर उलट फोन केला नाही तो मात्र मुद्दाम. फोनवर आपलं भांडण होतं, आई मध्ये पडते आणि विषय वांग्याच्या भावावर जातो. म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. बाबा, तुम्ही ज्याला मेडिकेअर म्हणत होता ते म्हातारपणाचं. हे भांडण मुख्यतः मेडिकेडचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचं. त्याचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. ट्रम्प यांच्या त्या मोठ्या कर-आणि-खर्च विधेयकात दहा वर्षांत मेडिकेडमधून जवळपास एक लाख कोटी डॉलर कापायचे होते. तुम्ही पाठवलेली क्लिप २९ जूनच्या रात्रीची. आमच्या राज्याचे रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस उभे राहून आपल्याच पक्षाला विचारताहेत की दोन-तीन वर्षांनी पैसे नाहीत म्हणून ६ लाख ६३ हजार लोकांना मेडिकेडमधून ढकलून दिलं जाईल, अध्यक्षांनी दिलेला शब्द मोडला जाईल, तेव्हा त्या लोकांना मी काय सांगू?

ते ६ लाख ६३ हजार लोक आमच्या दवाखान्यातल्या माझ्या औषधांच्या काउंटरवर येतात. सगळे नाही, पण रोज त्यातले दहा-पंधरा तरी.

आई, तुला मागे सांगितलेली ती रताळीवाली बाई आठवते ना? अमेरिकेत सर्वांत जास्त रताळी आमच्या राज्यात होतात, एकादशीला अख्ख्या महाराष्ट्राला पुरून उरतील एवढी. ही बाई पॅकिंग शेडमध्ये रताळी निवडते. बोटांच्या पेरांत माती कायमची बसलेली. मधुमेह जुना. पूर्वी ती इन्सुलिन अर्धं टोचायची आणि महिन्याची कुपी दोन महिने पुरवायची. मला ते कळायचं, कारण तिची औषध परत भरायला यायची तारीख कधीच जुळायची नाही. विमा परवडायचा नाही, आणि जुन्या मेडिकेडच्या नियमात ती बसायची नाही. १ डिसेंबर २०२३ ला आमच्या राज्यानं मेडिकेडची उत्पन्नाची मर्यादा वाढवली, आणि त्या महिन्यात ती नवं कार्ड घेऊन आली. मी सांगितलं, चार डॉलर. तिनं दिले आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं पावती हवी असेल. तर म्हणाली, "बाकीचे कधी द्यायचे?"

आता बाबा, तुमच्या साहेबांची राहिलेली निम्मी गोष्ट. ही मर्यादा वाढवायची सोय ओबामांच्या कायद्यानं २०१४ पासूनच केली होती. केंद्र निदान ९० टक्के पैसे द्यायला तयार होतं. आमच्या राज्यानं २०१३ मध्ये कायदा करून ते नाकारलं, आणि तेव्हा राज्याच्या हाउसचे स्पीकर होते थॉम टिलिस. स्पीकर म्हटल्यावर आपल्या विधानसभा अध्यक्षांसारखं 'शांत राहा, शांत राहा' म्हणणारं कुणी डोळ्यांपुढे आणू नका. इथला स्पीकर म्हणजे सभागृहातला पक्षाचा सेनापती. त्यानं मनात आणल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. पुढच्याच वर्षी ते सिनेटला उभे राहिले, हा विस्तार आपण रोखला हे प्रचारात अभिमानानं सांगितलं आणि निसटत्या मतांनी निवडून आले. २०१७ मध्ये ओबामांचा कायदाच मोडायचं विधेयक आलं, ज्याला त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून पाडलं, त्यात टिलिस यांचं मत 'हो' होतं.

म्हणजे त्या बाईनं जी दहा वर्षं अर्ध्या इन्सुलिनवर काढली, त्यात या गृहस्थांचाही हातभार आहे. २०२० मध्ये मी नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं ते त्यांच्या विरोधात. ते तरीही जिंकले.

आणि आता तेच, या वाढीव मर्यादेमुळे मेडिकेडमध्ये आलेल्या त्या ६ लाख ६३ हजारांसाठी उभे राहिले. क्लिप बघून तुमचा ऊर भरून आला. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग दुसऱ्यांदा बघितली तेव्हा गप्प बसले. कारण त्यांनी जे मांडलं ते हिशेबानं मांडलं होतं. या वाढीव मेडिकेडमध्ये राज्याच्या वाट्याचे जे १० टक्के असतात ते आमच्याकडे मुख्यतः हॉस्पिटलांवरच्या करातून येतात. हॉस्पिटलं राज्याला कर देतात, राज्य तो आपला वाटा म्हणून दाखवतं, वर केंद्राचे पैसे येतात आणि ते फिरून हॉस्पिटलांकडे जातात. बऱ्याच जणांना ही हातचलाखी वाटते, आणि थोडी ती आहेच. पण विधेयकात या कराची मर्यादा २०२८ पासून दरवर्षी अर्धा-अर्धा टक्का करत ६ वरून साडेतीन टक्क्यांवर आणायची होती. तेवढं झालं की राज्याचा वाटा भरणार कोण? टिलिस आधी सल्लागार कंपनीत होते, त्यामुळे आकडेमोड ही त्यांची जुनी सवय. राज्याचं हजारो कोटी डॉलरचं नुकसान होईल, ग्रामीण हॉस्पिटलं अडचणीत येतील, हे त्यांनी कागदावर दाखवलं. भाषणात नैतिकतेचा मोठा आव नव्हता, अध्यक्षांना चुकीचा सल्ला मिळतोय एवढाच सूर होता.

बाबा, तुमचा मुद्दा होता की आपल्याकडे असं केलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदीत सदस्यत्वच जातं. बरोबर आहे. (तरीही महाराष्ट्रात २०२२ पासून काय काय झालं ते आपण बघतोच आहोत, तो विषय नको.) इथं व्हिप मोडला म्हणून कुणाची खुर्ची जात नाही. इथं शिक्षा वेगळ्या दारातून येते. २८ जूनला विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही यावर मतदान झालं, टिलिस 'नाही' म्हणाले, आणि ट्रम्प यांनी जाहीर केलं की त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत उतरू इच्छिणाऱ्यांना आपण भेटणार. दुसऱ्या दिवशी टिलिस यांनी सांगून टाकलं की २०२६ मध्ये आपण उभेच राहणार नाही. तुमची क्लिप त्या रात्रीची.

मागचे दोर कापून लढले म्हणावं, तर हे गडावरूनच उतरायला निघाले. ज्याला परत मतं मागायची नाहीत त्याचं धाडस किती मोजायचं? पण खरं सांगायचं तर पहिलं विरोधी मत २८ तारखेचं, उमेदवारी सोडण्याच्या आधीचं. ते तुमच्या बाजूनं मांडा. १ जुलैला अंतिम मतदानात तीन रिपब्लिकन फुटले, टिलिस, मेनच्या सुझन कॉलिन्स आणि केंटकीचे रँड पॉल. ५० विरुद्ध ५० झालं, उपाध्यक्ष व्हान्स यांनी आपलं मत टाकलं आणि विधेयक पार झालं. आणखी एक जण फुटला असता तर पडलं असतं. ४ जुलैला सही झाली. आमच्या कॉलनीत त्या रात्री फटाके वाजत होते आणि मी दुसऱ्या दिवशीची औषधांची यादी बघत बसले होते.

आणि ज्या दोन आठवड्यांत तुम्ही ती क्लिप तासगावातल्या समस्त पेन्शनरांना पाठवत होता, त्याच दोन आठवड्यांत दुसरी कपात आली. परदेशी मदत आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्ही यांचे मंजूर झालेले सुमारे ९०० कोटी डॉलर परत घ्यायची. तिला टिलिस यांनी 'हो' म्हटलं. कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्काउस्की 'नाही' म्हणाल्या. त्यामुळे ते कपातीच्या विरोधात आहेत असं सरसकट म्हणता येत नाही. ते एका कपातीच्या विरोधात गेले. पहाटे दवाखान्याला जाताना मी गाडीत जो रेडिओ लावते तोही याच पैशावर काही अंशी चालत आला. सांगली आकाशवाणीचं अनुदान एका मतानं गेलं असतं तर तुम्ही त्या माणसाला लोकप्रतिनिधी म्हणाला असता का, ते सांगा.

खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल, जी त्या क्लिपमध्ये नाही. या कायद्यात कामाची अट आहे. १ जानेवारी २०२७ पासून वाढीव मर्यादेमुळे मेडिकेडमध्ये आलेल्या गटातल्या धडधाकट माणसानं महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवायचं. शिवाय पात्रता वर्षातून एकदा नाही, दर सहा महिन्यांनी तपासायची. टिलिस यांना ही अट मान्य आहे, त्याच भाषणात त्यांनी तिचं कौतुक केलं. ऐकायला कुणालाही योग्यच वाटते. तुम्हीही म्हणाल, काम करणाऱ्याला कसली भीती?

बाबा, तुम्ही पंचायत समितीत असताना रोजगार हमीचे मस्टर घरी घेऊन यायचात. ती योजना आणणाऱ्या विसापूरच्या पागेसाहेबांबद्दल तर मी चौथीपासून ऐकत आले. त्या योजनेत मागेल त्याला काम द्यायची जबाबदारी सरकारची होती. इथं काम तुम्ही शोधायचं, केल्याचा पुरावा तुम्हीच द्यायचा, आणि कागद अडकला तर औषध बंद. आर्कान्सा राज्यानं २०१८ मध्ये हे करून पाहिलं. काही महिन्यांत १८ हजारांवर लोक बाहेर पडले. तास ऑनलाइन भरायचे होते आणि वेबसाइट रात्री ९ ते सकाळी ७ बंद! पुढे कोर्टानं ते थांबवलं.

आमची रताळीवाली काढणीच्या दिवसांत आठवड्याला साठ तास राबते आणि उन्हाळ्यात कधी दहा. हंगामी मजुरांसाठी सरासरी धरायची तरतूद कायद्यात आहे, पण ती सरासरी दाखवणारा कागद कोण देणार? तिचा मुकादम कधी रोखीनं देतो, कधी पुढच्या आठवड्यात. ते ऐकताना मला आजीचा अंगठा आठवतो. रेशनच्या मशीनवर तो उमटायचाच नाही. जन्मभर भांडी घासून रेषा झिजलेल्या. दुकानदार म्हणायचा, "आजी, हात धुऊन या." ती धुऊन यायची, पदराला पुसायची, परत लावायची. लाल दिवा. धान्य तिचं होतं, कार्ड तिचं होतं, समोर उभी होती ती खुद्द. तिसऱ्या खेपेला रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारून घरी आली आणि आईला म्हणाली, "मी म्हणे मी नाही."

इथल्या चर्चेत ते वाक्य कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल.

आई, नोकरीचं विचारत होतीस. आत्ता तरी आहे. आमच्या दवाखान्यात येणारे निम्म्याहून जास्त लोक मेडिकेडवरचे, त्यामुळे २०२७ नंतर काय ते कुणीच छातीठोक सांगत नाही. शनिवारचे तास कमी होतील अशी कुजबुज आहे. शनिवार गेला तर मी पोहे करीन, त्यात रडण्यासारखं काही नाही. तू मात्र गुडघ्याचं पुढं ढकलू नकोस.

टिलिस यांच्या कार्यालयात मी जूनमध्ये फोन केला होता हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझं नाव, पिनकोड, आणि एवढंच की मी फार्मासिस्ट आहे, ही कपात करू नका. त्यांनी कपातीविरुद्ध मत दिल्यानंतर परत केला आणि आभार मानले. ज्याच्या विरोधात मी मत दिलं होतं त्या माणसाचे आभार मानताना घसा जरा अडकला, पण मानले. रेडिओच्या मतानंतर तिसरा फोन केला, तो आभाराचा नव्हता. गेल्या महिन्यात आमचे आधीचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. मेडिकेडच्या विस्तारावर सही त्यांचीच, त्यामुळे पुढचं वर्षभर हा विषय गाजणार. तुम्हाला क्लिपांचा तुटवडा पडणार नाही.

बाबा, आता तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या दवाखान्यात त्या ८० तासांच्या कागदांसाठी लोकांना मदत करायची तयारी आत्तापासून सुरू होतेय, आणि मी हो म्हणून बसलेय. तुम्ही मस्टर लिहायचात, तेव्हा काम केलेल्या एखाद्या बाईचं नाव गळालं तर काय करायचात? तुमची ती निळी वही होती, तुमच्यापुरती, कार्यालयात कधी न दाखवलेली. तिच्यात काय लिहायचात, कोणत्या क्रमानं, ते सविस्तर लिहून पाठवा. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, पण अक्षर लागेल असा काढा.

तुमची,
मनू