मेमरी पुसण्याआधी एवढे करा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

राज्य मंडळाच्या परीक्षेला किंवा जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ग्राफिंग म्हणजे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ही वस्तू आपल्याकडच्या बहुतेक घरांना परकी आहे. पण मुंबई-पुण्यातल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळांत गणिताला तो लागतोच, आणि अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या दप्तरात हायस्कूलची चारही वर्षे बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ असतो. यातली काही मुले त्याच यंत्रावर स्वतः गेम लिहितात. घरच्यांना आणि शिक्षकांना तो रिकामटेकडा उद्योग वाटतो. परीक्षेच्या दिवशी खबरदारी म्हणून सगळी मेमरी साफ केली जाते आणि मुलाचे काही महिन्यांचे काम मोजक्या कळा दाबून नाहीसे होते. हे टाळता येते. कसे, ते पालकांना आणि पर्यवेक्षकांना माहीत व्हावे म्हणून हे पत्र.

टीआय-८४ मध्ये दोन प्रकारची साठवण असते. रॅममध्ये प्रोग्रॅम चालतो, आर्काइव्हमध्ये तो जपून राहतो. ‘सेकंड’ आणि ‘प्लस’ दाबले की मेमरीचा मेनू येतो. त्यात सातव्या क्रमांकावर रीसेट आहे आणि आत तीन कप्पे आहेत : रॅम, आर्काइव्ह आणि ऑल. घाईत तिसऱ्या कप्प्यातले ‘ऑल मेमरी’ निवडले तर आर्काइव्हही पुसले जाते आणि परत काही मिळत नाही. याऐवजी यंत्र बंद असताना डावा बाण, उजवा बाण आणि ‘ऑन’ या तीन कळा एकदम दाबून धरल्या की परीक्षेचा मोड सुरू होतो. आर्काइव्हमधले प्रोग्रॅम तेवढ्यापुरते बंद राहतात. पेपर झाल्यावर यंत्र संगणकाला किंवा दुसऱ्या कॅल्क्युलेटरला केबलने जोडून एखादी फाइल पाठवली की ते पुन्हा हाती येतात. परीक्षेला हवी असलेली खात्री यातून मिळते आणि मुलाचे काही जात नाही. मात्र आदल्या रात्री प्रत्येक प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये हलवायला हवा. मेमरीच्या मेनूत यादी उघडायची, नावापाशी जाऊन ‘एंटर’ दाबायचे, नावाच्या डावीकडे चांदणी उमटली की काम झाले. जुन्या टीआय-८३ प्लसवर आणि साध्या ८४ प्लसवर आर्काइव्हमधला बेसिक प्रोग्रॅम थेट चालवता येत नाही, ‘आर्काइव्ह्ड’ अशी चूक दाखवली जाते. ते पाहून प्रोग्रॅम बिघडला असे अनेकांना वाटते. त्याच यादीत पुन्हा ‘एंटर’ दाबून चांदणी घालवली की तो चालतो.

आता जे पुसले जाते त्यात असते तरी काय, हे थोडे जवळून पाहू. साध्या टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, कृष्णधवल. अक्षरांच्या हिशेबात ८ ओळी आणि १६ स्तंभ. प्रोसेसर झेड-८०, वेग १५ मेगाहर्ट्झ, आणि वापरायला रॅम साधारण २४ केबी. अंगात असलेल्या टीआय-बेसिक भाषेत मूल पहिला गेम लिहिते तो बहुधा पडद्यावर एक अक्षर बाणांनी फिरवण्याचा. कोणती कळ दाबली हे ‘गेटकी’ ही आज्ञा आकड्यात सांगते : डावा बाण २४, वरचा २५, उजवा २६, खालचा ३४. हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. एकक म्हणजे कळेचा स्तंभ आणि उरलेला आकडा म्हणजे तिची ओळ. ‘एंटर’ दहाव्या ओळीत पाचवी, म्हणून १०५.

नवशिका इथे चार वेगवेगळ्या ‘इफ’ (अटीच्या आज्ञा) लिहितो आणि गेम अडखळतो. जाणकार एका ओळीत भागवतात. या भाषेत तुलना खरी असेल तर तिची किंमत १ होते, खोटी असेल तर ०. म्हणून नवा स्तंभ म्हणजे जुना स्तंभ, अधिक (कळ २६ आहे का) गुणिले (स्तंभ १६ पेक्षा कमी आहे का), वजा (कळ २४ आहे का) गुणिले (स्तंभ १ पेक्षा जास्त आहे का). उजवा बाण दाबला आणि भिंत आली नसेल तरच १ मिळतो, नाहीतर शून्य. सीमेची तपासणी विसरली आणि स्तंभ १७ झाला की ‘डोमेन’ची चूक येऊन गेम थांबतो. नववीतल्या मुलाला शून्य-एकचे तर्कशास्त्र याहून सरळ कुठे भेटत असेल, असे मला वाटत नाही.

पुढच्या अडचणी याहून बोधक आहेत. प्रत्येक चालीला सगळा पडदा पुसला की चित्र लुकलुकते. ते टाळायला फक्त जुन्या जागी एक रिकामी जागा छापायची. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या आतून ‘गोटू’ या आज्ञेने बाहेर उडी मारली की लूप अर्धवट उघडा राहतो, त्याची नोंद मेमरीत पडून राहते, आणि दहा-पंधरा मिनिटे नीट चाललेला गेम अचानक ‘मेमरी’ची चूक दाखवून बंद पडतो. मुलाला वाटते यंत्र खराब आहे. खरे तर लूपची अटच बदलून त्याला ‘एंड’पर्यंत येऊ द्यायला हवे. भूलभुलैयाचा नकाशा मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात ठेवला तर प्रत्येक घराला ९ बाइट लागतात, म्हणजे १२८ घरांना ११५२. तोच नकाशा अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये ठेवला तर १२८ बाइटमध्ये मावतो, पण एक घर बदलायचे तर स्ट्रिंगचे तुकडे करून पुन्हा जोडावे लागतात. जागा वाचवायची की वेळ, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या पदवीत शिकवतात. इथे तो पंधराव्या वर्षी स्वतःहून समोर येतो. ओळीच्या शेवटचा कंस न लिहिता एक बाइट वाचवण्याची मुलांना सवय असते, आणि भाषेला ते चालतेही. फक्त ‘फॉर’चा कंस उघडा ठेवून लगेच खाली एकटा ‘इफ’ आला तर लूप फार मंदावतो. ही खोड कोणीतरी वेळ मोजून शोधली आणि इतरांना सांगितली.

अशा शोधांची देवाणघेवाण हाच या छंदाचा कणा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात टीआय-८५ वर असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड चालवायची अधिकृत सोयच नव्हती. हौशी मंडळींनी बॅकअपची फाइल बदलून, कस्टम मेनूतल्या एका नोंदीमागे आपला कोड दडवून तो चालवला. १९९६ पासून टीआयकॅल्क या इंटरनेटवरच्या संग्रहात असे हजारो प्रोग्रॅम जमा होत आले, पुढे अमेरिकेत केमेटेक आणि फ्रान्समध्ये टीआय-प्लॅनेट ही संकेतस्थळे उभी राहिली. तिथे बहुतेक जण कोडसकट काम देऊन टाकतात, म्हणून नव्या मुलाला शिकायला मिळते. २००९ मध्ये टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची सही करण्याची किल्ली (जिच्या सहीशिवाय यंत्र दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम स्वीकारत नाही ती) एका हौशी प्रोग्रॅमरने घरच्या संगणकावर सुमारे अडीच महिने गणित चालवून सोडवली. कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था हौशी मंडळींच्या बाजूने उभी राहिली.

रंगीत टीआय-८४ प्लस सीई २०१५ मध्ये आला आणि सी भाषेत लिहिण्याची मौज वाढली. पडदा ३२० बाय २४०. एका ठिपक्याला दोन बाइट दिले तर १,५३,६०० बाइट लागतात आणि पडद्याची सगळी मेमरी एकाच चित्रात संपते. एका बाइटवर, म्हणजे २५६ रंगांवर भागवले तर ७६,८०० बाइट पुरतात आणि तितक्याच जागेत दोन पडदे बसतात. एक दिसत असताना दुसऱ्यावर पुढचे चित्र काढायचे आणि तयार झाले की अदलाबदल करायची. खेळ गुळगुळीत दिसतो तो यामुळे. इथे ‘इंट’ हा पूर्णांक २४ बिटांचा असतो, ८३,८८,६०७ च्या वर तो ऋण होऊन बसतो. संगणकावर बरोबर चालणारा ३००० गुणिले ३००० इथे चुकतो, आणि उडी मारलेला गडी पडद्याबाहेर गायब होतो. दशांश अपूर्णांकांचा हिशेब मंद असतो, म्हणून वेग २५६ ने गुणून पूर्णांकात ठेवायचा आणि शेवटी भागायचा. चुकीच्या पत्त्यावर लिहिले तर अडवणारे कोणी नाही : यंत्र पुन्हा सुरू होते आणि ‘रॅम क्लिअर्ड’ असे दिसते. आर्काइव्हची सवय इथे पक्की होते.

म्हणूनच २०२० मध्ये कंपनीने परीक्षांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन सीईच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत सी आणि असेंब्लीचे प्रोग्रॅम बंद केले, तो निर्णय मला चुकीचा वाटतो. पर्यवेक्षक घाईत ‘ऑल मेमरी’ निवडतो, तेच इथे लाखो यंत्रांवर एकदम झाले. परीक्षेपुरते दार लावण्याची सोय हातात असताना वर्षभरासाठी कुलूप घालण्याची गरज नव्हती. नव्या मॉडेलमध्ये दिलेली पायथन भाषा वेगळ्या छोट्या प्रोसेसरवर चालते, तिला जागा मोजकी मिळते, आणि वेगवान गेमला ती पुरत नाही. त्याच वर्षी समुदायाने ते प्रोग्रॅम पुन्हा चालवायला आर्टिफिस नावाची वाट काढली. तरीही आपल्या मुलाकडे सीई असेल आणि त्याला सी शिकायची असेल, तर आधी मेमरीच्या मेनूत पहिल्या क्रमांकावरचे ‘अबाउट’ उघडून आवृत्ती पाहा. ५.५ च्या आधीची असेल तर विचार न करता अपडेट करू नका, जुनी परत टाकता येत नाही.

परदेशातून भावंडांचा जुना कॅल्क्युलेटर आला असेल तर एवढे बघा. टीआय-८३ प्लसला जोडणारी केबल वेगळी असते आणि सहज मिळत नाही. ८४ प्लस आणि सीईला मिनी-यूएसबी चालते. ८३ आणि ८४ प्लसमध्ये चार छोटे पेन्सिल सेल (एएए) आणि आत एक बटण सेल असतो. दोन्ही एकदम काढले तर रॅम जाते. सेल गळून कप्प्यात पांढरी पूड जमली असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, वाळवून मगच नवे घाला. संगणकावर सीईची नक्कल करणाऱ्या सीईम्यू या एम्युलेटरला आपल्याच यंत्रातून काढलेली रॉम (मूळ प्रणालीची प्रत) लागते.

शाळांना विनंती एवढीच, की परीक्षेच्या आठवडाभर आधी सूचनाफलकावर तीन ओळी लावाव्यात : प्रोग्रॅम आर्काइव्ह करा, संगणकावर एक प्रत ठेवा, वर्गात परीक्षेचा मोड आमच्यासमोर सुरू करा. आणि पेपर संपल्यावर तो मोड काढायला एक केबल व एक संगणक वर्गाबाहेर ठेवावा, म्हणजे मुलांना त्याच संध्याकाळी पुन्हा कामाला लागता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे